प्रश्न तुमचे: प्रलयानंतरच्या जगातील खलगट आणि जीवघेणे खेळ

लार्पमध्ये खेळाडू वेषभूषा करून, प्रत्यक्ष चालत-बोलत, आपापले पात्र जगतात. प्रलयानंतरच्या उद्ध्वस्त जगात घडणाऱ्या लार्पविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख खलगटांवर आणि त्या गटांनी भरवलेल्या ‘जीवघेण्या’ खेळांवर होता. त्यांतील काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही दोन दिवसांचा लार्प भरवतो. त्यातील लुटारूंची टोळी दर वेळी झाडांमागून येते, मारामारी करते आणि हरते किंवा पळून जाते. खेळाडूंना तिची भीती वाटत नाही आणि रागही येत नाही. आमचे काय चुकते?

तुमच्या टोळीला हल्ल्यापलीकडे काही हवेच नाही, हे चुकते. ज्याला फक्त मारायचे आहे त्याच्याशी बोलण्यासारखे काही उरत नाही, आणि लार्प हा मुख्यतः बोलण्याचा, सौदे करण्याचा आणि पेचात पडण्याचा खेळ आहे. हाणामारीत जाणारा वेळ एकदा घड्याळ लावून मोजून पाहा. तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी भरेल. उरलेल्या वेळात तुमची टोळी झाडामागे बसून काय करते, हा खरा प्रश्न आहे.

जग कोलमडल्यावर पाणी, इंधन, औषधे, बियाणे, दारूगोळा किंवा माहिती यांपैकी कशाची तरी किल्ली खलगटाच्या हाती असली पाहिजे, आणि त्या वस्तूवाचून इतरांचे अडले पाहिजे. मग खेळाडू आपण होऊन त्यांच्या दाराशी जातात आणि त्यांना दडून बसण्याची गरजच राहत नाही. समजा, शुद्ध पाण्याचा एकमेव नळ या गटाकडे आहे. तळावर एक टेबल मांडलेले आहे, त्यामागे कारकुनाचे काम करणारी एक बाई बसली आहे आणि तिच्यापुढे जाड वही आहे. पाणी मागायला येणाऱ्याला ती आधी त्याचे नाव विचारते, मग त्याला जामीन राहणाऱ्याचे नाव विचारते, दोन्ही नावे सावकाश लिहून घेते आणि त्यानंतरच नळावरच्या पहारेकऱ्याला मानेने खूण करते. कोणी आवाज चढवला, तर ती लेखणी खाली ठेवते आणि तो माणूस गप्प होईपर्यंत वाट पाहते. संध्याकाळी तीच वही चौकात मोठ्याने वाचली जाते आणि ज्याचे देणे थकले आहे त्याच्याऐवजी त्याच्या जामिनाला झुंजीच्या रिंगणात बोलावले जाते. या सगळ्यात कोणी कोणाला बोटही लावलेले नाही, पण दुपारपर्यंत तुमच्या शांतताप्रिय वस्तीतील माणसे एकमेकांना जामीन राहायला नकार देऊ लागतील.

अशा गटाला स्वतःचा कायदा हवा आणि तो त्याने काटेकोरपणे पाळायला हवा. लहरी खलनायक एक-दोनदा धक्का देतो आणि नंतर कंटाळवाणा होतो, कारण त्याच्यापुढे कोणतीही युक्ती लढवण्यात अर्थ नसतो. शब्द पाळणारा खलनायक अधिक भयंकर असतो. त्याच्या कायद्यात फट शोधता येते, त्याच्याशी करार करता येतो आणि त्या कराराचा पश्चात्तापही करता येतो. महाभारतातील शकुनी फाशांबाबत कपटी होता, तरी द्यूतसभेचा खरा दाह असा की पणाला लागलेली प्रत्येक गोष्ट युधिष्ठिराने स्वतः, सर्वांसमक्ष, खेळाच्या नियमानुसार पणाला लावली होती.

गटाच्या आत एक भेगही ठेवा. नेत्याचा उजवा हात आणि रिंगणाचा कारभारी यांचे पटत नसेल, तर बाहेरच्यांना पाय ठेवायला जागा मिळते. अभेद्य गटावर केवळ चाल करून जाता येते. संख्येने मात्र हा गट लहानच असावा. एकूण खेळाडूंपैकी निम्मे लोक खलगटात गेले, तर ते खल राहत नाहीत, सरकार होतात, आणि मग तो वेगळाच खेळ होतो.

वेषभूषेबाबत एक इशारा द्यायला हवा. टायरचे तुकडे, गंजलेले पत्रे, गॅस मास्क, चामड्याचे पट्टे यांतून हवी तेवढी भेसूरता निर्माण करता येते. तेवढ्यासाठी प्रत्यक्ष इतिहासातील अत्याचारी राजवटींची चिन्हे, गणवेष किंवा घोषणा उचलू नयेत, आणि खलगटाचा कायदा एखाद्या खऱ्या समाजाच्या चालीरीतींवर बेतू नये. खेळाडूंपैकी कोणाच्या तरी घरात ती जखम खरी असते.

शेवटचा मुद्दा माणसांचा आहे. ब्रिटनमध्ये १९८२ साली चेशायरमधील पेकफोर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ हा लार्प सुरू झाला आणि तेथील लार्पची परंपरा पुढे वाढत गेली. त्या परंपरेत शत्रूंच्या भूमिका आयोजकांच्या बाजूची माणसे करतात आणि त्यांना ‘मॉन्स्टर क्रू’ म्हणतात. ही माणसे हरण्यासाठीच मैदानात उतरतात. तुमचा खलगट मात्र पैसे भरून आलेल्या खेळाडूंचा असेल, तर त्यांनाही स्वतःचे उद्दिष्ट, स्वतःचे धोके आणि जिंकण्याची खरी शक्यता द्यावी लागेल. या दोन्ही पद्धती चालतात. आपण कोणती वापरतो आहोत हे ठरवले नाही की तुम्ही वर्णन केलेली टोळी तयार होते.

प्रश्न: आमच्या खलगटाला मृत्यूचे रिंगण भरवायचे आहे. प्रेक्षकांच्या अंगावर काटा यावा, पण कोणाला खरचटूही नये, हे कसे साधावे?

प्रथम इतिहासाचा दाखला घेऊ, कारण रोममधील ग्लॅडिएटरांच्या खेळांविषयीची आपली कल्पना बरीचशी पडद्यावरून आलेली आहे. त्या झुंजींना पंच असत. हरणारा योद्धा बोट वर करून दयेची याचना करी आणि निर्णय खेळांचा खर्च करणारा यजमान प्रेक्षकांचा कौल पाहून देई. या जीवदानाला ‘मिस्सिओ’ म्हणत. जीवदानाची मुभाच नसलेल्या झुंजींवर सम्राट ऑगस्टसने बंदी घातली होती. योद्धा घडवायला पुष्कळ पैसा आणि वेळ लागे, म्हणून प्रत्येक पराभवाला मृत्यू परवडत नसे. सेवेतून मुक्त होणाऱ्याला लाकडी तलवार दिली जाई. लार्पच्या रचनाकाराला यातून आयते साहित्य मिळते, कारण या खेळांतील थरार घाव आणि निर्णय यांच्या मधल्या क्षणांत होता.

तेव्हा तुमच्या रिंगणात ते क्षण लांबवा. झुंज दोन मिनिटांत संपली तरी चालेल, पण हरलेला गुडघ्यांवर आल्यानंतर रिंगणाच्या कारभाऱ्याने लोकांकडे वळून विचारले पाहिजे की याच्या जिवाच्या बदल्यात कोण काय देतो. कोणी पाण्याचा वाटा देऊ करेल, कोणी आपले गुपित सांगेल, कोणी नजर चुकवेल. पाहणाऱ्यांना हात घालता येईल अशी जागा जिथे असते तिथे पन्नास माणसे खेळत असतात. नसते तिथे दोघे खेळतात आणि बाकीचे जांभया देतात.

खेळ झुंजीचाच असावा असेही नाही. एक साधी रचना सुचवतो. टेबलावर पाच वाट्या पालथ्या घातलेल्या आहेत आणि एकीखाली काळा खडा आहे. पाच बंदी समोर बसतात, प्रत्येक जण एक वाटी निवडतो, आणि वाट्या उघडण्यापूर्वी कोणीही बाहेरचा माणूस उठून एखाद्या बंद्याची जागा घेऊ शकतो. पहिल्या फेरीत कोणी उठत नाही. दुसऱ्या फेरीत वाट्या चार होतात, बंदीही चारच असतात, आणि आता सगळ्यांना आकडेमोड कळू लागते. या खेळात अंगाला अंग लागत नाही, वयाचा किंवा ताकदीचा प्रश्न येत नाही, आणि तरीही कोण कोणासाठी उठला व कोण बसून राहिला, याची चर्चा खेळ संपल्यावरही चालू राहते. विषाचा प्याला वगैरे कल्पना मनात आली, तर ती सोडून द्या. खेळाडूला अनोळखी पेय पिण्यास भाग पाडणे हा ॲलर्जीपासून संसर्गापर्यंत सगळ्या भानगडींना आमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

सांघिक आणि धावपळीचा खेळ हवा असेल तर ‘जगर’ हा खेळ पाहा. १९८९ च्या एका चित्रपटात प्रलयानंतरच्या जगातील टोळ्या कुत्र्याच्या कवटीसाठी झुंजताना दाखवल्या होत्या. त्या काल्पनिक खेळाचा लोकांनी खराखुरा क्रीडाप्रकार बनवला आणि तो जर्मनीत विशेष रुजला. आता कवटी फोमची असते, शस्त्रे मऊ आवरणाची असतात, आणि वेळ ठरावीक अंतराने पडणाऱ्या ठोक्यांनी मोजली जाते. त्या प्रत्येक ठोक्याला ‘दगड’ म्हणतात. सरावाने तावून सुलाखून निघालेले नियम हाताशी असताना मैदानी खेळ शून्यापासून रचण्याचा हट्ट मला तरी कळत नाही. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात २०१० पासून भरणाऱ्या ‘वेस्टलँड वीकेंड’ या महोत्सवात घुमटाकार पिंजऱ्यात लवचीक दोरांना टांगलेले दोन प्रतिस्पर्धी मऊ शस्त्रांनी झुंजतात. ते पाहून पुष्कळांना आपल्याकडेही पिंजरा उभारावासा वाटतो. उंचीवर चढणे आणि दोरांना लटकणे हे प्रशिक्षित माणसांचे काम आहे. ती माणसे नसतील तर जमिनीवर दोरीने आखलेले वर्तुळ पुरते.

आता खरचटण्याविषयी. प्रत्येक शस्त्र खेळापूर्वी तपासणाऱ्याने हाताने दाबून पाहावे. फोमखालचा दांडा बोटांना टोचू लागला असेल, तर ते शस्त्र बाद. डोके, मान आणि जांघ यांवर वार नाही, आणि भोसकण्यासाठी खास बनवलेले टोक नसेल तर भोसकणेही नाही. प्लास्टिकच्या बारीक गोळ्या झाडणाऱ्या एअरसॉफ्टच्या बंदुका वापरत असाल, तर ६ मिलिमीटरच्या त्या गोळीने डोळा जाऊ शकतो, म्हणून चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल रिंगणातील माणसाइतकाच कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकालाही सक्तीचा असावा. खांद्यावरचे खिळे रबराचे असावेत. बंद्याचे हात खरोखर बांधू नयेत. सैल दोरी त्याने स्वतःच्या मुठीत धरावी आणि पडायची वेळ आली तर सोडून द्यावी. गॅस मास्क आणि चामडे घालून उन्हात धावणारा माणूस चक्कर येऊन पडतो, आणि तो अभिनय करतो आहे असे समजून लोक टाळ्या वाजवतात, हे विशेष लक्षात ठेवावे. तहान, भूक आणि जागरण या तीन गोष्टी पात्राला कितीही सोसू द्याव्यात, खेळाडूला अजिबात नाही.

प्रश्न: दोन दिवसांच्या खेळात दुसऱ्याच तासाला माझे पात्र रिंगणात मारले गेले. उरलेला वेळ मी तंबूत बसून काढला. याला न्याय म्हणायचा का?

न्याय-अन्यायाआधी हा रचनेतला दोष आहे, आणि तो आयोजकांनी निस्तरायचा आहे. ज्या जगात मरण स्वस्त आहे त्या जगातील लार्पला मेलेल्यांचे काय करायचे याचे उत्तर आधी द्यावे लागते. अमेरिकेत अनेक ठिकाणी शाखा असलेल्या ‘डिस्टोपिया रायझिंग’ या लार्पने हे उत्तर कथेतच गुंफले आहे. तेथील पात्रांच्या शरीरात संसर्ग असतो, त्यामुळे ती मेल्यावर पुन्हा परत येतात, पण प्रत्येक मृत्यूगणिक या संसर्गाचा साठा घटतो आणि तो संपला की मरण कायमचे होते. त्यामुळे पहिले मरण महाग पडते, तरी खेळाडू घरी जात नाही.

इतर वाटाही आहेत. पहिल्या दिवशी रिंगणातील पराभवाची किंमत मृत्यूऐवजी डाग, कर्ज, गुलामी किंवा नाव गमावणे अशी ठेवता येते, आणि खरा मृत्यू शेवटच्या रात्रीपुरता राखून ठेवता येतो. काही आयोजक मृत्यूचा निर्णय मारणाऱ्याकडे न ठेवता मरणाऱ्याकडे सोपवतात: घाव बसला की तो जखमी होणार की मरणार, हे ज्याचे पात्र आहे त्यानेच ठरवायचे. यामुळे भीती नाहीशी होईल असे पुष्कळांना वाटते. माझे मत उलट आहे. ज्याला मरणाची सक्ती नसते तो अधिक धाडसाने खेळतो, आणि योग्य क्षणी स्वतःहून जे मरण पत्करतो ते कोणत्याही पंचाने लादलेल्या मरणापेक्षा देखणे असते. पुढच्या वेळी नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना एवढेच विचारा की पात्र मेल्यावर किती वेळात आणि कोणत्या भूमिकेत मी परत येईन. उत्तर देताना ते चाचरले, तर दुसरा खेळ शोधा.

प्रश्न: खेळ मध्येच थांबवण्याचे शब्द ठरवले तर वातावरण बिघडते, अशी आमच्या गटातील काहींची तक्रार आहे.

तक्रार जुनी आहे आणि अनुभवाला ती फारशी उतरत नाही. नॉर्डिक म्हणजे उत्तर युरोपातील देशांत रुजलेल्या लार्पमध्ये ‘कट’ आणि ‘ब्रेक’ हे दोन शब्द दीर्घकाळ वापरात आहेत. पहिल्याने सगळे तत्काळ थांबते. दुसऱ्याचा अर्थ असा की आवेग कमी करा, पण प्रसंग चालू ठेवा. बंद्याची उलटतपासणी चालू असताना ‘ब्रेक’ ऐकू आला, तर चौकशी करणारा आवाज उतरवतो, एक पाऊल मागे सरतो, विषय बदलतो, आणि शेजारी उभ्या असलेल्यांना काही घडल्याचे कळतही नाही. गोंगाटात शब्द ऐकू येत नसतील, तर हाताची खूण वापरतात: एकाने अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ठीक आहेस ना?’ असे विचारायचे आणि दुसऱ्याने अंगठ्याने उत्तर द्यायचे. अंगठा वर असेल तरच पुढे जायचे. आडवा किंवा खाली असेल, किंवा उत्तरच आले नाही, तर त्याला बाजूला न्यायचे.

हे इशारे नसतील तर खलपात्र करणाऱ्या सुज्ञ माणसाला प्रत्येक क्षणी मनात अंदाज बांधत बसावे लागते आणि तो हातचे राखून खेळतो. इशारे असले की तो निःशंकपणे क्रूर होऊ शकतो. वातावरणाच्या बाजूनेच विचार केला तरी हिशोब शब्दांच्या पारड्यात जातो. फक्त हे शब्द खेळापूर्वी सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घ्या आणि खोटे थांबवून एकदा सराव करा. कागदावर छापलेला शब्द ऐन वेळी तोंडातून बाहेर पडत नाही.

प्रश्न: मी खलगटाची प्रमुख होते. खेळ संपल्यावर दोन सहखेळाडू माझ्याशी बोलायचे टाळू लागले आणि मलाही आपण केलेल्या निवाड्यांचे ओझे वाटत राहिले. हे नेहमीचे आहे का?

हो. पात्राच्या भावना खेळाडूत आणि खेळाडूच्या भावना पात्रात झिरपतात, त्या प्रकाराला लार्पच्या जगात ‘ब्लीड’ म्हणतात. खेळरचनाकार एमिली केअर बॉस यांनी २००७ साली ही संज्ञा मांडली. ते आपोआप वाईट नसते. अनेक जण त्यासाठीच खेळतात. तुमच्या बाबतीत मात्र खेळ आणि घरी जाणे यांच्या मधला टप्पा गाळला गेला असावा. खलपात्र करणाऱ्यांनी खेळ संपताच मुखवटा काढावा, पोशाख बदलावा, ज्यांना रिंगणात पाठवले त्यांच्याकडे आपल्या खऱ्या नावाने जावे आणि त्या प्रसंगाबद्दल बोलावे: तुला काय आवडले, कुठे जास्त झाले. हे संभाषण आताही करता येईल. त्या दोघांना एक साधा निरोप पाठवा, उत्तराचा आग्रह धरू नका, आणि पुढच्या खेळात एकदा तरी पाणी भरणाऱ्या सामान्य माणसाची भूमिका घ्या. एकाच व्यक्तीला सलग खलप्रमुख करणाऱ्या आयोजकांनाही थोडे धारेवर धरायला हवे.

प्रश्न: शेवटी खलगटाला जिंकू द्यावे का?

निकाल आधीच ठरलेला नसेल तर जरूर जिंकू द्यावे. चांगल्यांचा विजय आयोजकांनी पटकथेत लिहून ठेवला आहे, असा वास एकदा खेळाडूंना आला की दोन दिवसांतील सगळे सौदे आणि सगळे जामीन फोल ठरतात. खलगट करणाऱ्या खेळाडूंनी मात्र जिंकण्याचा ध्यास धरू नये. आपले पात्र कोणत्या चुकीमुळे पडेल हे त्यांनी स्वतःच ठरवून ती चूक प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेस पडेल अशी ठेवावी. अति गर्विष्ठ नेता पहारा कमी करतो, कायद्याचा भक्त स्वतःच्याच कलमात अडकतो. ती चूक कोणी हेरली नाही, तर विजय खलगटाचा, आणि तो त्यांनी बिनदिक्कत साजरा करावा.

व्यवहाराची एक बाब राहिली. शेवटचा प्रवेश सुरू होण्यापूर्वी खेळाची समाप्ती कोणत्या इशाऱ्याने होणार हे सर्वांना ठाऊक असावे, आणि तो इशारा रिंगणाच्या चारही कोपऱ्यांना ऐकू जाईल असा असावा. अंधारात लढाई रंगलेली असताना अर्ध्यांचा खेळ संपलेला असतो आणि अर्ध्यांचा चालूच असतो. शस्त्र खाली टाकून वळलेल्या माणसाच्या पाठीत वार बसतो तो तेव्हाच.